नवसूला मारलेली हाक

आजाडोंगराला पायवाटेशिवाय दुसरी वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पायथ्याच्या ठाकरवाडीत झिपरी नावाची बाई राहायची. तिची हाक सात खोऱ्यांपलीकडं ऐकू जायची, असं म्हणतात.

आजाडोंगरावर वाडीचे पूर्वज राहतात. म्हणून नवं भात आलं की सगळी वाडी नैवेद्य घेऊन वर जायची. माथ्याजवळच्या कातळावरून झिपरी मेलेल्यांची नावं पुकारायची. उतरताना जित्यांची पुकारायची, म्हणजे कुणाचा जीव वर अडकायचा नाही. मेलेल्यांत ज्याचं नाव पुकारलं, त्यानं पुन्हा खाली यायचं नाही. आला तर घरात मरण आणतो.

झिपरीचा एकुलता एक नवसू कामासाठी मुलखाबाहेर गेला, तो परतलाच नाही. वर्षं गेली. मग वाडीत ताप शिरला आणि घरोघरी मुलं दगावू लागली. भगत म्हणाला, "झिपरे, तुझा पोर मेलाय. नैवेद्य नाही म्हणून त्यो उपाशी फिरतोय, त्योच पोरं नेतोय. घे त्याचं नाव."

"माझा नवसू जिता हाय."

"आन् आमची पोरं मरत्यात, त्याचं काय?"

त्या वर्षी तिनं पोटच्या पोराचं नाव मेलेल्यांत पुकारलं. ताप काही त्यानं हटला नाही. थंडी सरल्यावर आपसूक गेला.

दैवाची करणी बघा. नवसू तेव्हा डोंगराच्या पलीकडच्या अंगानं घरीच येत होता. आईचा आवाज त्यानं ओळखला आणि तिथूनच मागं फिरला. वाटेत भेटलेला एक गुराखी म्हणाला, "घर इतकं जवळ, आन् माघारी?"

"आयनं मला मेलेल्यांत पुकारलं. आता उतरलो तर तिच्या दारात मरण नेईन."

आईसाठी आणलेली मण्यांची माळ त्यानं गुराख्याच्या हाती दिली.

माळ आणि निरोप मिळाला तशी झिपरी डोंगर चढली, ती पुन्हा उतरलीच नाही. "नवसू, तू जिता हायस रं! घरी ये!" बाकीचे शब्द डोंगर परत द्यायचा, नवसूचं नाव तेवढं ठेवून घ्यायचा, असं म्हणतात. हाका मारता मारताच तिनं कातळावर जीव सोडला.

तेव्हापासून वाडी हरवलेल्या माणसाला मेलेल्यांत पुकारत नाही, कितीही वर्षं होवोत. उतरताना जित्यांच्या शेवटी सगळे नवसूला हाक मारतात. मग ज्याचं कुणी हरवलंय, तो आपल्या माणसाला हाक मारतो. तुम्ही गेलात तर तुम्हीही हाक मारा. पलीकडच्या वाटेनं आजवर कुणी आलेलं नाही. तरी दरवर्षी नव्या भाताच्या आधी वाडीची माणसं जातात आणि त्या वाटेवरची झुडपं तोडून ठेवतात.