सिद्रामची सनई आणि मोबाइलमधले सर

सोलापूरच्या पलीकडे एका गावात सिद्राम नावाचा एक भोळा सनईवाला राहायचा. सनई तो सुरेख वाजवायचा. बाकी सगळं तो सांगितलं तसं करायचा. तेवढाच काय तो दोष.

सिद्रामने स्वतःची एक चाल बांधली होती. ती रेकॉर्ड करून नेटवर टाकायची, एवढंच त्याचं स्वप्न होतं. पण तालुक्यातला स्टुडिओवाला विजापुरे फुकट दारही उघडत नव्हता. त्यात सिद्रामच्या मेव्हण्याने दम दिला होता. "दाजी, दिवाळीपर्यंत त्या चालीचं काय ते करा. नाहीतर सनई खुंटीला टांगा आणि माझ्या पोल्ट्रीत या. कोंबड्यांना माणूस हवाय."

सिद्रामला कोंबड्यांची भीती वाटायची. म्हणून त्याची बायको महानंदा हिने त्याला मोबाइलमधले एक सर लावून दिले. हे सर कलाकारांना प्रसिद्ध करायचे. त्यांना स्वतःला टाळीसुद्धा ठेक्यात वाजवता येत नव्हती, पण शिकवायला ती लागत नाही.

सर म्हणाले, "मित्रांनो, अख्खी चाल कधीच फुकट ऐकवू नका. थोडीशी चव द्या आणि थांबा. बाकीची लिंकवर, असं सांगा."

सिद्रामने मान डोलावली. शब्दन् शब्द ध्यानात ठेवला. तिथेच घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी लग्न होतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. सिद्रामने सनई तोंडाला लावली, दोन फुंकरा मारल्या आणि सनई पिशवीत घातली. नवरा-नवरी हार हातात धरून उभे राहिले. मांडवात कोणीतरी शिंकलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"अरे, थांबलास का?" पाटील ओरडले.

"बाकीची लिंकवर," सिद्राम म्हणाला.

"कसली लिंक? कुठंय ती?"

"ते सर पुढच्या कोर्समध्ये सांगणार आहेत."

पाटलांनी त्याला जेवायलाही थांबू दिलं नाही.

महानंदाने कपाळाला हात लावला. "अहो, जिथं बोलावलंय तिथं मध्येच थांबायचं नसतं! कोणी काही म्हणू दे, शेवटपर्यंत वाजवायचं."

सिद्रामने मान डोलावली. शब्दन् शब्द ध्यानात ठेवला.

त्याच आठवड्यात जुने सरपंच वारले. शाळेच्या पटांगणात शोकसभा होती. सुरुवातीला एखादा गंभीर सूर लावायला सिद्रामला बोलावलं. त्याने लावला. मग हेडमास्तर म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू." सगळा गाव उभा राहिला. सिद्राम वाजवतच होता. हेडमास्तरांनी डोळे वटारले. सिद्रामने सूर चढवला. सरपंचांच्या मुलाने दंड धरला, तसा तो दुसऱ्या बाजूला वळून वाजवू लागला. शेवटी चौघांनी त्याला सनईसकट उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. तिथे त्याने चाल पुरी केली.

"अहो, काय माणूस आहात!" महानंदा म्हणाली. "समोरचे लोक गप्प झाले की आपणही गप्प व्हावं. मान खाली घालून बसावं. एवढं कळत नाही?"

"आता कळलं," सिद्राम म्हणाला.

दरम्यान सरांनी नवा धडा दिला होता. मोबाइलवर लाइव्ह या, वाजवा, खाली पैसे पाठवायचा कोड लावा, रसिक मदत करतील. महानंदाने सगळी तयारी केली. भिंतीला झेंडूची माळ लावली, समई पेटवली, कोड चिकटवला, नवऱ्याला धुतलेला सदरा घालून मोबाइलसमोर बसवलं, लाइव्ह सुरू केलं आणि ती दळण आणायला गेली.

सिद्रामने सनई उचलली. कानोसा घेतला. मोबाइलमधले लोक अगदी गप्प होते. त्याने सनई बाजूला ठेवली, मान खाली घातली आणि हात जोडून बसून राहिला.

माळ, समई, खाली घातलेली मान, आणि जराही हालचाल नाही. लोकांना तो फोटोच वाटला. नाशिकच्या कोणीतरी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' मग रीघ लागली. ज्यांनी सिद्रामला जन्मात ऐकलं नव्हतं, त्यांना त्याच्या मैफली आठवू लागल्या. 'असा कलावंत पुन्हा होणे नाही.' 'जिवंतपणी कदर केली नाही आपण!' आणि पश्चात्ताप म्हणून प्रत्येकाने थोडे थोडे पैसे पाठवले. महानंदा दळण घेऊन आली, तोवर स्टुडिओची सोय झाली होती.

तिने मोबाइल पाहिला आणि दळणाचा डबा तिथेच टाकला. "अहो, लोक म्हणतात तुम्ही गेलात!"

"कुठं?"

"मेलात हो!"

"मला कोणी सांगितलं नाही," सिद्राम म्हणाला.

"ते मी लोकांना कळवते नंतर. आधी चाल रेकॉर्ड करा. आणि एक ध्यानात ठेवा. पैसे दिलेल्या माणसाला फसवायचं नाही. त्याने ज्यासाठी पैसे दिले, ते त्याला मिळालंच पाहिजे."

सिद्रामने मान डोलावली. या वेळी तर दोनदा.

स्टुडिओत विजापुरेने माइक लावला आणि काचेपलीकडे जाऊन लाल दिवा पेटवला. महानंदा बाहेर देवाचं नाव घेत बसली. सिद्रामने सनई बाजूला ठेवली. खिशातून कापूस काढला, दोन्ही नाकपुड्यांत घातला आणि जमिनीवर आडवा झाला.

विजापुरेने काच वाजवली. खुणा केल्या. हात जोडले. सिद्राम हलला नाही. वेळ संपत आली, तेव्हा विजापुरेने घाबरून महानंदाला आत ढकललं. लाल दिवा चालूच होता.

"अहो! वाजवा ना!"

सिद्रामने एक डोळा उघडला. "हळू," तो ओठही न हलवता, फक्त तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटला. "लोकांनी मेलेल्या माणसासाठी पैसे दिलेत. फसवू कसं?"

महानंदाने जो हंबरडा फोडला, तो विजापुरेच्या यंत्रात स्वच्छ उतरला.

पैसे मिळाले होते, त्यामुळे विजापुरेने रेकॉर्डिंग जसंच्या तसं नेटवर चढवलं. लाखो लोकांनी ऐकलं. 'काय ती शांतता!' एकाने लिहिलं. 'आणि शेवटी पत्नीचा आक्रोश... अंगावर काटा आला.'

दिवाळी उलटली. सिद्राम हे आता पोल्ट्रीत वाचतो. पायांशी कोंबड्या फिरत असतात. तो खाद्याची पाटी खाली ठेवतो आणि अभिमानाने मेव्हण्याला मोबाइल दाखवतो.

"बघा," तो म्हणतो, "माझी चाल शेवटपर्यंत ऐकली लोकांनी."