शिप टाइम

“...आणि हे एमडीआर म्हणजे काय गं?” अक्कांनी विचारलं.

“मेन डायनिंग रूम. मोठं जेवणघर, अक्का.”

“आणि सी डे?”

“बोट कुठल्याच बंदराला लागत नाही, तो दिवस.”

“हे बी टू बी?”

“एक सफर संपली की घरी न जाता त्याच बोटीवर लगेच दुसरी. पाठोपाठ.”

“म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींसारखं,” अक्का म्हणाल्या.

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. शैलजा हसली नाही. शिकायच्या वेळी शिकावं, असं तिचं मत होतं.

वेणूअक्का वाईला कृष्णेकाठी गेली तीस वर्षं बायकांना पोथी सांगत आल्या होत्या. यंदा त्यांच्या एका शिष्येच्या मुलाने मोठ्या हौसेने अक्कांना आणि मंडळातल्या आठजणींना सिंगापूरहून निघणाऱ्या या बोटीवर धाडलं होतं. बोट कसली, तरंगतं गावच ते. बारा मजले. पहिला दिवस तर बायकांचा आपापली खोली शोधण्यातच गेला.

म्हणून शैलजाने कार्डं केली. लेकीबरोबर तिच्या तीन सफरी झाल्या होत्या. बोटीने फिरणाऱ्यांची एक वेगळीच भाषा असते, निम्मी आद्याक्षरांची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्यातले बासष्ट शब्द निवडले, शेजारी मराठीत अर्थ लिहिले, कार्डं प्लॅस्टिकमध्ये बसवून घेतली आणि फीत लावून प्रत्येकीच्या गळ्यात घातली. रोज सकाळी चहाच्या आधी पाठांतर.

“सुलभाताई, बोटीची मागची बाजू?”

“आफ्ट... नाही का? शेपटी.”

“शेपटी नाही. आफ्ट.”

“अगं, पण शेपटीच की ती.”

बासष्ट शब्द सगळ्यांचे बिनचूक झाले, की शैलजा अक्कांना पुन्हा एकदा विचारणार होती. चातुर्मासात तुमच्या जागी निरूपणाला मला बसू द्याल का? दोन वर्षं ती विचारत होती. दोन वर्षं अक्का ‘बघू’ म्हणत होत्या.

आज तिसरा दिवस. बोट मलेशियातल्या एका बेटाच्या धक्क्याला लागली होती. उतरून गाव बघायचं, चारला परत फिरायचं.

इंदूमावशी टेबलाच्या कडेला बसल्या होत्या. त्यांच्यापुढे एक केळं आणि पेलाभर दूध. त्यांनी हळूच हात वर केला.

“शैला, एक विचारू? ते घड्याळाचं...”

“मावशी, कार्डावर आहे. सातवी ओळ. शिप टाइम. बोटीवरचं घड्याळ तेच खरं, बाकी सगळं विसरा. ऑल अबोर्ड साडेचार, म्हणजे साडेचारला प्रत्येकीचा पाय बोटीवर. कळलं?”

“ते कळलं गं, पण आज...”

“मावशी, अजून एकोणीस शब्द राहिलेत.”

मावशींनी हात खाली घेतला.

अक्कांनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा शैलजाकडे.

...

साडेचार वाजले.

बोटीवर चढायच्या उतरत्या पुलाच्या तोंडाशी एक यंत्र होतं. प्रत्येकाचं ओळखपत्र त्यावर टेकवलं की टुंग वाजायचं. यंत्राशी उभा असलेला ग्रेगरी वसईचा. चाळिशी उलटलेला, गोड मराठी बोलणारा. पहिल्या दिवसापासून बायका त्याला भाऊच म्हणत होत्या.

“बाई, तुमच्यातली एक अजून बाहेर आहे,” तो शैलजाला म्हणाला. “इंदुमती पोरे.”

“असं कसं होईल? कार्डावर लिहिलंय.”

“कार्डावर असेल. माझ्या यादीत ती बाहेरच आहे.”

शैलजाने मागे वळून डोकी मोजली. पुन्हा मोजली. खरंच, इंदूमावशी नव्हत्या.

“फोन?”

“त्यांचा फोन इथे लागत नाही.”

“खोली?”

“नववा डेक, आफ्ट, पोर्ट साइड, आतली खोली. मस्टर स्टेशन सी, जेवणाची पहिली पाळी...” शैलजा भराभर बोलत सुटली.

ग्रेगरीने हात वर केला.

“ते सगळं इथे दिसतंय, बाई. शेवटी कुठे दिसल्या ते सांगा. साडी कुठली होती?”

शैलजाला साडी आठवेना.

सकाळपासून ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. हातात छत्री उंच धरून, हा डावा, हा उजवा, असं सांगत. मागे कोण कसं चालतंय, ते तिने बघितलंच नव्हतं.

“पाचला पूल काढतात,” ग्रेगरी खालच्या आवाजात म्हणाला. “बोट कुणासाठी थांबत नाही. मागच्या महिन्यात नवरा वर आणि बायको खाली राहिली.”

बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी रामरक्षा पुटपुटायला लागलं. शैलजा पुलावरून खाली धक्क्याकडे बघत राहिली. परक्या मुलखात, पासष्टी पार केलेली बाई, मराठीखेरीज एक अक्षर न बोलणारी...

“अक्का, मी सगळ्यांना सांगितलं होतं हो. एकेकीकडून पाठ करून घेतलं होतं.”

अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“इंदूनं आज काय खाल्लं?” त्यांनी विचारलं.

“अं?”

“सकाळी. तुझ्यासमोरच बसली होती.”

“केळं... केळं होतं. आणि दूध.” शैलजा वैतागली. “अक्का, आत्ता खाण्याचं काय?”

अक्कांनी माळेचा एक मणी पुढे ओढला.

केळं आणि दूध.

शैलजा थांबली. बोटांवर तिथी मोजायला लागली आणि चौथ्या बोटाशी तिचा अंगठा अडला.

वद्य चतुर्थी. संकष्टी. मावशींची एक्केचाळीस वर्षांची संकष्टी, बाळंतपणातसुद्धा न मोडलेली. मावशी आणि त्यांची धाकटी जाऊ, दोघी एकाच क्षणी उपास सोडायच्या. पंचांगातला वाईचा चंद्रोदय धरून. जाऊबाई वाईला, मावशी असतील तिथे. मावशी लेकाकडे दुबईला गेल्या होत्या तेव्हाही त्यांनी हे चुकवलं नव्हतं. मनगटावरचं घड्याळ वाईचंच ठेवलं होतं.

“मावशींनी घड्याळ लावूनच घेतलं नाही,” शैलजा म्हणाली. “इथलं अडीच तास पुढे आहे. त्यांच्या घड्याळात आत्ता कुठे दोन वाजलेत. त्यांना वाटतंय, साडेचारला अजून वेळ आहे...”

आणि मग, अगदी हळू, “सकाळी मावशी हेच विचारत होत्या.”



हातात अडीच तास असले तर मावशी काय करतील, हे मात्र कार्डावर बघावं लागलं नाही. संकष्टीला एकवीस आवर्तनं अथर्वशीर्षाची. आणि सकाळी बाजाराच्या तोंडाशी, तमिळ लोकांच्या गणपतीच्या देवळासमोर, मागून कुणीतरी म्हणालं होतं, “थांब की गं जरा.” शैलजा थांबली नव्हती.

ती पुलाकडे वळली.

“बाई,” ग्रेगरी म्हणाला, “आत्ता खाली गेलात तर माझ्या यादीत एकीच्या दोन होतील. कॅप्टनला मी थांब म्हणू शकत नाही.”

शैलजाने अक्कांकडे पाहिलं. जा म्हणाव्यात, नाहीतर नको म्हणाव्यात.

अक्का तिच्याकडे बघत होत्या. इतकंच.

यंत्र टुंग वाजलं. शैलजाने पदर खोचला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ती धक्क्यावरून धावत सुटली.

...

मावशी देवळातल्या खांबाशी बसल्या होत्या. हिरवी सुती नऊवारी, डोळे मिटलेले, मुठीत तांदळाचे दाणे. एकेक आवर्तन झालं की एक दाणा पानावर. पानावर सतरा दाणे होते.

“मावशी.”

मावशींनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांब.

 भिंतीवरच्या घड्याळात पाचला अकरा मिनिटं होती. मावशींना खांद्याला धरून उठवावं, असं तिच्या मनात आलं... हात पुढे झालासुद्धा. मग ती खाली बसली. फरशीवर, मावशींच्या शेजारी. आवर्तन शेवटाला आलं होतं. शेवटच्या ओळी तिनेही म्हटल्या.

अठरावा दाणा पानावर पडला.

“आता बोल,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, बोट सुटतेय. इथलं घड्याळ पुढे आहे.”

मावशींनी मनगटाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. एका क्षणात त्यांचा चेहरा उतरला.

“अगं बाई. म्हणजे माझ्यापायी सगळ्याजणी...”

“तुम्ही विचारलं होतंत. मीच ऐकलं नाही.”

मावशी खांबाला धरून उठल्या. उरलेले दाणे त्यांनी पदराच्या टोकाला बांधले.

“उरलेली तीन बोटीवर करीन. बोट चुकली तर धक्क्यावर करीन, त्यात काय.” मग दोन पावलं लंगडत चालून म्हणाल्या, “पण शैला, एवढं धावत येऊन सांगायचं, त्यापेक्षा सकाळी बसून सांगितलं असतंस, तर तुझे गुडघे तरी वाचले असते.”

“हो, मावशी.”

मावशींना धावता येत नव्हतं. उजवा गुडघा वाकायचाच नाही. शैलजाने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. बाजार संपला, फाटक आलं, मग तो लांबच लांब धक्का. उन्हात बोट पांढरीशुभ्र दिसत होती आणि काही केल्या जवळ येत नव्हती.

पाच वाजून गेले.

वरच्या मजल्यांवर कठड्यांना माणसं लगडली होती. टाळ्या सुरू झाल्या. शिट्ट्या. कितीतरी फोन या दोघींवर रोखलेले. कुणीतरी ओरडलं, “पिअर रनर्स!” आणि मग सगळ्यांनीच तो शब्द उचलला.

“काय म्हणतायत गं ते?” मावशींनी विचारलं.

शैलजाला शब्द ठाऊक होता. बोट सुटायच्या वेळी धक्क्यावरून पळत येतात, त्यांना म्हणतात. मागच्या सफरीत अशाच कठड्याशी उभं राहून तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या. एक म्हातारं जोडपं होतं. बाईंच्या हातातली पिशवी फाटून संत्री घरंगळली, तेव्हा ती पोट धरून हसली होती.

“आपल्याला बोलावतायत, मावशी,” ती म्हणाली. “सावकाश चला.”

आणखी पन्नास पावलं. आता पूल दिसायला हवा होता. काढला असेल, तर भिंतीसारखी नुसती बोट.

पूल होता.

पुलाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. मांडी घालून, हातात माळ. एका बाजूला दोन खलाशी दोर हातात धरून ताटकळलेले, दुसऱ्या बाजूला ग्रेगरी कपाळाचा घाम पुसतोय.

“या, बाई, या,” तो म्हणाला. “आजींना हलवता येत नाही आणि आजी हलल्याशिवाय पूल ओढता येत नाही. वरून दोनदा विचारणा झाली. मी म्हटलं, ‘आजी, उठा ना, माझी नोकरी जाईल.’ तर म्हणतात, ‘माझ्या दोन पोरी बाहेर आहेत.’ बस. तेवढंच. तेव्हापासून एक शब्द नाही.”

वर यंत्रावर टुंग वाजलं. मावशींचं. ग्रेगरीने स्वतःच हात धरून त्यांना वर चढवलं होतं. वर बायकांनी मावशींना मिठ्या मारल्या, कुणी रडलं, कुणी रागावलं.

शैलजा खालीच उभी राहिली. धाप आवरत नव्हती. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलं म्हणायला हवं होतं...

“शैलजे,” अक्कांनी माळ थांबवली. “किती वाजले गं?”

शैलजाने मनगट वर केलं. उत्तर ओठांवर आलं होतं, नेहमीसारखंच, तयार.

ती थांबली.

तिने वर पाहिलं. पुलाच्या वरच्या तोंडाशी इंदूमावशी वळून तिची वाट बघत उभ्या होत्या.

“कुणाच्या घड्याळात, अक्का?”

खलाशांनी दोर सावरले. वर भोंगा वाजला, लांबलचक, छातीत घुमणारा.

अक्कांनी उठण्यासाठी तिच्यापुढे हात केला.

“चल,” त्या म्हणाल्या. “आता बोट सुटली तरी चालेल.”