तांबेखिंडीचे खतीब मध्येच का बसतात

तांबेखिंडीत शुक्रवारी कोणी पाहुणा आला, तर गावची माणसे त्याला आधी चहा पाजतात आणि मग जुन्या मशिदीकडे नेतात. मशीद लहान. मिनार एकच, तोही जरा कललेला. आत तीन पायऱ्यांचा दगडी मिंबर आहे, त्यावर उभे राहून खतीब नमाजाआधीचे प्रवचन, म्हणजे खुतबा, दोन भागांत म्हणतात. दोन खुतब्यांच्या मध्ये क्षणभर बसायचे ही रीत सगळीकडची. पण इथले खतीब दुसऱ्या खुतब्यात, ऐन बोलता बोलता, पुन्हा एकदा खाली बसतात आणि गप्प राहतात. नवख्याला वाटते, म्हातारा दमला. वाटले तर वाटू द्यावे. पहिल्यांदा जो बसला तोही दमलेलाच होता, असे सांगतात.

त्याचे नाव शरफोद्दीन. बिदरच्या बहामनी तख्ताला वाळवी लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. सुलतान नावापुरता उरला होता आणि सुभेदार आपापला मुलूख बळकावून एकमेकांच्या उरावर बसले होते. तांबेखिंड पडली नेमकी दोघा सुभेदारांच्या सीमेवर. आज एकाचे घोडे खिंडीतून येत, उद्या दुसऱ्याचे, आणि कडबा दोघांनाही लागे.

शरफोद्दीनचा पणजा म्हणे एका फकिराच्या मागे खुरासानातून पायी निघाला होता. मुलतान, दिल्ली, दौलताबाद करत बारा वर्षांनी तो या खिंडीत टेकला आणि इथलाच झाला. तो घरात सांगायचा, खुरासानापासून इथवर जिथे जिथे गेलो तिथे नमाज तीच, कुराणातल्या आयती त्याच, सलामही तोच. बदलते ते एकच. खुतब्यात राज्य करणाऱ्यासाठी दुवा मागतात, तिथले नाव. शरफोद्दीनला लहानपणी याचे फार कौतुक वाटे. म्हातारपणी त्याला त्याच जागेची धास्ती बसली.

कारण ज्याचे नाव खुतब्यात, त्याचे गाव, असा तेव्हाचा कायदा. एका पावसाळ्यात बिदरला सुलतान वारला. वाटा बंद होत्या, बातमी चाळीस दिवस आलीच नाही. बिचारा शरफोद्दीन दर शुक्रवारी मेलेल्या माणसाला दीर्घायुष्य मागत राहिला. सहाव्या शुक्रवारी नव्या धन्याचे स्वार आले आणि त्यांनी ते बंड मानले. मशिदीला हात लावणे पाप, म्हणून त्यांनी मशिदीमागची कोष्टी गल्ली पेटवली. असले शहाणपण त्या लोकांकडे भरपूर होते. सात माणसे गेली. त्यांत धानाई कोष्टिणीचे दोन लेक होते.

गावाने खतिबाला बोल लावला नाही. तेच त्याला सोसेना. पुढच्या दोन वर्षांत त्याने तीन नावे बदलली आणि दर वेळी कोणाचे ना कोणाचे घर जळाले.

मग एका चैत्रात दोन फौजा एकदमच आल्या. एक नदीकाठी उतरली, दुसरी खिंडीच्या तोंडाशी. दोन्हीकडून निरोप आला की शुक्रवारी आमच्या धन्याचे नाव ऐकू आले पाहिजे. गुरुवारी सकाळी धानाई मशिदीच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"खतीबबाबा, उद्या कुनाचं नाव घेनार?"

"माहीत नाही, धानाई."

"आधी सांगा. लेकरं घिऊन डोंगरात जायचं का न्हाई, तेवढं तरी कळू द्या."

"कुणाचंही घेतलं तरी दुसरा आहेच की."

"मंग जावं तरी कुठं? सुनांना किती बारी डोंगरात न्हेलं. आता पाय उचलत न्हाईत वो, बाबा."

ती रडली नाही, भांडलीही नाही. तशीच घराकडे वळली. शरफोद्दीनला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी दोन्ही फौजांची माणसे हत्यारे बाहेर ठेवून पहिल्या रांगेत बसली. शरफोद्दीन मिंबरावर चढला. अल्लाची स्तुती झाली, पैगंबरांसाठी दरुदाची दुवा झाली. दुसऱ्या खुतब्यात ती नावाची जागा आली आणि मशिदीमागचे माग एकाएकी थांबले. तीस मागांची खडखड बंद पडली. नाव ऐकायला सगळी गल्ली कान देऊन उभी आहे, हे त्याला कळले. त्याचे तोंड उघडले, पण शब्द फुटेना. तो मटकन पायरीवर बसला.

कोणी म्हणतात, त्याने हे आधीच ठरवले होते. मला विचाराल तर तो नुसता थकला होता. पण बसल्यावर मात्र तो कोणाचेही नाव घ्यायला उठला नाही. बऱ्याच वेळाने उठला, तो "जो कोणी राज्य करत असेल त्याच्या मनात दया येवो" एवढेच म्हणाला आणि नमाजाला उभा राहिला.

अंगणात दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्याला धरले. नाव का गाळलेस, म्हणून विचारले.

तो म्हणाला, "नाव घेतलं तर गल्ली जळते. नाही घेतलं तर मी एकटा जातो."

खिंडीकडच्या सरदाराने त्याला घोड्याला बांधून नेले. तो परत आला नाही, त्याची कबरही कोणाला ठाऊक नाही. गाव मात्र राहिले. शत्रूचे नावच घेतले नव्हते, तर जाळायचे कशापायी? पुढच्या शुक्रवारी त्याचा जावई मिंबरावर चढला, त्या जागेशी आला आणि खाली बसला.

पुढे बहामनी गेले, त्यांचे तुकडे करणारेही गेले. नाव विचारायला नवे नवे येत राहिले, आणि प्रत्येकाला पायरीवर बसलेला एक म्हातारा दिसला.

आजही खतीब बसले की कोष्टी गल्लीतले माग थांबतात. आता ते विजेवर चालतात, पण बटण बंद करायला कोणाला सांगावे लागत नाही. गल्लीतली सगळ्यांत वडीलधारी बाई मशिदीच्या मागच्या भिंतीशी जाते आणि विचारते, "कुनाचं नाव घेतलं?"

आतून खतिबांचे उत्तर येते, "कुणाचंच नाही, आई."

मग माग सुरू होतात.