रेषेवरचं अस्वल

अमेरिकेतल्या कुरणांना कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक म्हातारं अस्वल रानातल्या सगळ्या प्राण्यांच्या पिल्लांना फुटबॉल शिकवायचं. रेषेवर उभं राहून सारखं ओरडायचं, "डावीकडे दे. आता मार." पिल्लं ऐकायची आणि जिंकायची.

एका सामन्यात अस्वलाचा घसा बसला. ससुल्यापुढे गोल मोकळा होता. तरी तो चेंडूवर पाय ठेवून रेषेकडे बघत राहिला, आणि कोल्ह्याच्या पोराने चेंडू पळवला.

"मारला का नाहीस रे?" सामन्यानंतर अस्वलाने बसक्या आवाजात विचारलं.

"तुम्ही सांगितलं कुठे, अप्पा?"

ते अस्वलाच्या काळजाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने चेंडू मैदानात टाकला. "मी बोलणार नाही. मनाला येईल तसं खेळा," म्हणालं आणि पाठ फिरवून बसलं.

बराच वेळ चेंडू वाजला नाही. अस्वलाने वळून पाहिलं. पिल्लं रांगेत उभी होती.

खार हळूच म्हणाली, "अप्पा, मनाला काय येऊ द्यायचं?"