आलेले आणि न आलेले

एकदा एका तरुण प्राध्यापिकेने ठरवले, की गावातल्या माणसांना सोबत घेऊन सायकलवरून सह्याद्री ओलांडायचा. तिचे नाव शर्वरी भुवड. चिपळूणच्या एका महाविद्यालयात ती वनस्पतिशास्त्र शिकवीत असे. वाशिष्ठीच्या काठावरून निघावे, कुंभार्ली घाट चढावा, कोयनानगरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी कऱ्हाडला कृष्णेच्या काठी पोहोचावे, असा तिचा बेत होता. स्पर्धा नाही, बक्षीस नाही, वयाची अट नाही. ज्याला पायडल मारता येते त्याने यावे, इतकेच.

हा बेत याआधी दोनदा मोडला होता. एकदा ऐन वेळी सगळ्यांना नात्यातली लग्ने आठवली, एकदा क्रिकेटचा अंतिम सामना आडवा आला. स्टाफरूममध्ये सहकारी विचारीत, "काय भुवड मॅडम, तुमच्या सायकली अजून वाशिष्ठीवरच का?" शर्वरी हसून सोडून देई, पण ते हसणे तिला घरी गेल्यावर टोचत राही. तिसऱ्या खेपेला मात्र तिने मनाशी पक्के केले: या वेळी जमले नाही, तर पुन्हा कुणाला कशासाठीही हाक मारायची नाही.

तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. बघता बघता तीसेक जण आत आले. रोज कुणी टायरच्या हवेबद्दल विचारी, कुणी हेल्मेटचे फोटो टाकी, आणि प्रत्येक संदेशाखाली अंगठ्यांची रांग लागे. त्या अंगठ्यांकडे पाहून शर्वरीला हुरूप येई. त्याच हुरुपात ती पोंक्षे गुरुजींकडे गेली.

गुरुजींनी तिला शाळेत भूगोल शिकवला होता. सत्तरी उलटून गेली तरी ते भाजी आणायलाही सायकलवरूनच जात. तरुणपणी त्यांनी एकट्याने सायकलवरून बराच मुलूख पालथा घातला होता, पण त्याविषयी ते आपण होऊन कधी बोलत नसत.

"गुरुजी, तुम्ही आलात तर सगळ्यांना धीर येईल."

"येतो की. कधी निघायचं?"

"रविवारी सकाळी सहाला. नदीकाठच्या मैदानावरून."

गुरुजींनी मान डोलावली. घाटात पाणी कुठे मिळते, कुठले वळण अंगावर येते, हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितले आणि चहा देऊन निरोप दिला.

रविवार उजाडला. फेब्रुवारी संपत आला होता. पहाटे गारवा असे, पण दहाच्या पुढे ऊन अंगाला झोंबे. शर्वरी अंधारातच मैदानावर पोहोचली. थोड्याच वेळात गुरुजी आले. त्यांच्यामागून चाळके काका आले. ते एसटीचे निवृत्त चालक. मग रुबीना परकार आली. ती एका खाजगी रुग्णालयात परिचारिका होती. सहा वाजले, तेव्हा मैदानावर हे तिघे होते आणि शर्वरी.

"येतील," शर्वरी म्हणाली. "रविवार आहे, जरा मागेपुढे व्हायचंच."

ती थोडी बाजूला गेली आणि फोन लावू लागली. एकाचा फोन वाजत राहिला. एकीने झोपेतल्या आवाजात सांगितले, "अगं, आज होतं का ते?" एकाच्या सासूबाई अचानक आल्या होत्या. एक म्हणाला, "अर्ध्या तासात पोचतो, थांबा हं माझ्यासाठी." आणखी एकानेही तेच सांगितले. शर्वरी प्रत्येकाला समजावीत होती, आर्जवे करीत होती, कुणाला प्रेमाने दटावीत होती. बोलता बोलता ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. मागे तिघे सायकलींना टेकून उभे होते. चाळके काका मधूनच पूर्वेच्या डोंगराकडे पाहत होते.

डोंगरामागून सूर्य वर आला. मैदानावरचे दव सुकले. अर्ध्या तासात पोचणाऱ्यांचा अर्धा तास कधीच होऊन गेला होता. शेवटी शर्वरी परत आली. तिचा चेहरा पडला होता.

"आपण पुढच्या रविवारी जाऊ या का?" ती म्हणाली. "एवढ्या चौघांनी जाण्यात काय अर्थ आहे? ग्रुप म्हणून जायचं होतं."

रुबीनाने चाळके काकांकडे पाहिले. काकांची नजर पुन्हा डोंगराकडे गेली. गुरुजींनी सायकलचा स्टँड वर केला.

"चला, निघू या," ते त्या दोघांना म्हणाले.

शर्वरीला वाटले, आपण चुकून काहीतरी भलतेच ऐकले. "गुरुजी, अहो, दोघंजण वाटेत आहेत! मी त्यांना थांबते म्हणून सांगितलंय!"

"मग तू थांब," गुरुजी शांतपणे म्हणाले आणि सायकलवर बसले.

"पण हा माझा ग्रुप आहे!"

"हो ना," गुरुजी म्हणाले. "तो निघाला."

आणि खरोखरच ते तिघे निघाले. शर्वरी पाहत राहिली. ज्या माणसाच्या तोंडून शाळेत कधी कुणी कठोर शब्द ऐकला नव्हता, त्याने आज भर मैदानात तिला एकटे टाकले होते.  अपमान झाला होता आणि तोही आपल्याच माणसाकडून. ती हट्टाने तिथेच उभी राहिली. वाटेत असलेल्या दोघांना तिने पुन्हा फोन केला. पहिल्याने उचलला नाही. दुसरा म्हणाला, "अगं, मी अजून निघालोच नाही. म्हटलं, तू काही तरी ठरवून कळवशीलच."

शर्वरीने फोन बंद करून पाठीवरच्या पिशवीत टाकला. एक क्षण घरी जाण्याचा विचार मनात आला. उद्या स्टाफरूममध्ये कोण काय म्हणेल, तेही कानांत वाजून गेले. मग तिने दात आवळले, सायकल वळवली आणि घाटाच्या रस्त्याला लागली.

गाव मागे पडले. रस्ता सपाट होता तोवर तिने अंगात होते नव्हते तेवढे बळ पायांत ओतले. गुरुजींना गाठायचे आणि तोंडावर जाब विचारायचा, एवढाच ध्यास होता. शिरगाव गेले, पोफळी जवळ आली, तरी तिघांचा पत्ता नव्हता. घाटाच्या पायथ्याशी एका टपरीवर तिने विचारले. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "गेले की मघाशी. एक म्हातारे, एक बाई नि एक काका. काकांना धाप लागली होती हो."

चढ सुरू झाला. आता ऊन चांगलेच तापले होते. रस्त्याच्या डांबरातून झळा उठत होत्या. शर्वरी एकेक वळण खेचून काढीत होती, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिला ते दिसले. एका मोठ्या आंब्याच्या सावलीत चाळके काका दगडाला टेकून बसले होते. चेहरा लालबुंद, सदरा घामाने भिजलेला. रुबीना त्यांची नाडी पाहत होती. गुरुजी टोपीने वारा घालीत होते.

शर्वरी सायकल तशीच टाकून धावली. "काय झालं?"

"ऊन लागलंय," रुबीना म्हणाली. "छातीत दुखत नाही, हातही दुखत नाही, दोनदा विचारलं. दुखलं असतं तर गाडी थांबवून सरळ खाली नेलं असतं. नाडी आता खाली येतेय. मीठ-साखरेचं पाणी दिलंय. पण ऊन उतरेपर्यंत यांनी हलायचं नाही."

"गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालंय," काका ओशाळून म्हणाले. "डॉक्टरांनी सायकल चालवा म्हणून सांगितलंय. फक्त ऊन चढायच्या आत, एवढंच. सहाला निघालो असतो, तर या वेळेला आपण वर असतो."

"काका, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही फोनवर इतक्या धडपडत होतात मॅडम. मधे कशाला बोलायचं, म्हटलं."

शर्वरी त्यांच्या शेजारी बसली. वाटभर घोकलेला जाब आठवत होता, पण त्याची धार गेली होती. तरीही ती म्हणालीच, "गुरुजी, तुम्ही मला सोडून का निघालात?"

गुरुजींनी वारा घालणे थांबवले नाही. ते म्हणाले, "तुला सोडलं नाही, शर्वरी. तू अजून आली नव्हतीस."

"मी तर सगळ्यांच्या आधी आले होते!"

"पाय आले होते. तुझं लक्ष ज्यांच्यापाशी होतं ते सगळे घरी होते. दीड तास तू न आलेल्यांना नावानिशी हाका मारत होतीस. आलेल्यांना काय विचारलंस? या रुबीनाने दोन दिवसांच्या सुट्टीसाठी आठवडाभर दुसऱ्यांच्या पाळ्या केल्यात. तू म्हणालीस, पुढच्या रविवारी जाऊ. काका उन्हाकडे बघत होते, आणि तू त्यांच्याकडे पाठ करून उभी होतीस. न आलेल्यांसाठी थांबणं मोठं उदार वाटतं गं. पण ते थांबणं आलेल्यांच्या अंगावरून जातं." मग ते पुढे म्हणाले, "यात माझाही वाटा आहे. तू दुखावशील म्हणून मीही उगाच उभा राहिलो. तेवढं ऊन काकांना माझ्यामुळे लागलं."

 खाली दरीत एक ट्रक कण्हत चढत होता.

थोड्या वेळाने चाळके काका उठू लागले. "माझ्यापायी तुमचं अडायला नको. मी येणाऱ्या टेम्पोत सायकल टाकतो नि खाली जातो. तुम्ही तिघं पुढे व्हा."

शर्वरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवले. "काका, तुम्हाला हा घाट चढायचा आहे का?"

प्रश्न अगदी साधा होता. पण काकांनी आधी वरच्या वळणाकडे पाहिले. "जन्मभर याच घाटात गाडी चालवली," ते म्हणाले. "पाठीमागे पन्नास माणसं. नजर कधी रस्त्यावरून हलवली नाही. एकदा तरी आपल्या पायांनी चढावा आणि मान वळवून बघावं, एवढंच होतं मनात."

"मग ऊन उतरेपर्यंत आपण इथेच बसायचं," शर्वरी म्हणाली. "रुबीना, तू हो म्हणालीस तरच निघायचं. चढ अंगावर आला की उतरून चालायचं. आणि तू नाही म्हणालीस, तर टेम्पोतून चौघंही जाऊ, खालीच."

"मला चालेल," रुबीना म्हणाली. गुरुजींनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि सावलीत आडवे झाले.

दुपार त्या आंब्याखाली गेली. शर्वरीने पायथ्यावरून पाणी आणि भाकरी-पिठले आणले. जेवताना तिला कळले, की रुबीनाला पोहायलाही येते, काकांची नात सातवीत आहे, आणि गुरुजी घोरतात. घरी कळवावे म्हणून तिने फोन सुरू केला, तर ग्रुपवर कुणीतरी विचारले होते, "आम्ही दोघं दुपारी गाडीने येऊ शकतो, थांबाल का?" तिने लिहिले, "घाटात आहोत. ऊन उतरलं की चढायला लागू. वाटेत भेटलात तर आनंदच आहे." आणि ती पुन्हा काकांच्या गप्पांत सामील झाली.

ऊन कलले. रुबीनाने पुन्हा नाडी पाहिली आणि मान हलवली. चौघे निघाले. काका मध्ये, पुढे रुबीना, मागे गुरुजी. शर्वरी काकांच्या बाजूने. काही वळणे त्यांनी सायकलवर घेतली, काही हातात सायकली धरून चालत. एका ठिकाणी काका बराच वेळ थांबले. कुणी घाई केली नाही. मग ते आपण होऊन म्हणाले, "हं, चला." शेवटचे वळण त्यांनी सायकलवरूनच घेतले, ओठ घट्ट मिटून.

माथ्यावर पोहोचताच ते उतरले आणि मागे वळले. खाली कोकण पसरले होते. डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेल्या होत्या, आणि ज्या रस्त्यावर त्यांनी आयुष्य घालवले होते तो एखाद्या बारीक दोऱ्यासारखा झाडीत लपत होता. काका पाहतच राहिले. त्यांच्या डोळ्यांना पाणी आले, ते त्यांनी पुसले नाही.

"एवढा सुंदर आहे, ठाऊकच नव्हतं हो, बाय," ते म्हणाले. आतापर्यंत तिला ते मॅडम म्हणत होते.

शर्वरीने तिघांकडे आळीपाळीने पाहिले. "उद्या कधी निघू या?" तिने विचारले.

तिघांनी आपापल्या सोयीने सांगितले, थोडी चर्चा झाली, आणि वेळ ठरली. दुसऱ्या दिवशी बरोबर त्या वेळी ते कोयनानगरहून निघाले आणि ऊन डोक्यावर आले की सावलीत विसावत, चालत, बोलत संध्याकाळी कृष्णेच्या काठी पोहोचले. चौघेच होते. शर्वरीने नदीत पाय सोडले. तिला कुणाचीही उणीव भासली नाही.

कार्य आरंभताना ज्याला माणसे थोडी वाटतात, त्याने आधी हजर असलेल्यांची विचारपूस करावी. पुढचा रस्ता तिथूनच सुरू होतो.