पाणी द्यायचं की नाही

“पण बाई, चोवीसच्या चोवीस पाठ असूनही मी नापास कशी?”

उज्ज्वला तोडकर चपला काढता काढताच विचारत होती. मिरजेतल्या एका इस्पितळात ती सहा वर्षं नर्स होती. परीक्षेत कॉलेजात पहिली आलेली, आणि ते अजून विसरलेली नव्हती.

रिबेकाबाई व्हरांड्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. नर्सिंगच्या मुलींना त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं.

उज्ज्वलानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. परदेशातल्या एका इस्पितळासाठी फोनवर मुलाखत झाली होती. पाळी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतात, तशी देऊन दाखवायची होती. तिनं दिली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, इंजेक्शन दिलंय की द्यायचंय? तिनं पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग ती गप्पच झाली. आता उद्या अकरा वाजता दुसरी संधी, आणि तीच शेवटची.

“साहाय्यक क्रियापदांत घोळ होतो म्हणे माझा. माझा, बाई. मला तर चोवीसांची यादी झोपेतसुद्धा येते.”

“म्हण बघू.”

तिनं म्हटली. ‘अ‍ॅम’पासून ‘ऑट’पर्यंत, एका श्वासात, नऊ सेकंदांत.

बाई एक दाणा तोंडात टाकून चावत राहिल्या.

“यातलं कुणी ओळखीचं आहे का तुझ्या?”

“म्हणजे?”

शेजारच्या मुलांची पाटी तिथंच पडली होती, ती बाईंनी पुढे सरकवली. म्हणाल्या, एक पेशंट घे. सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेली बाई. दोनच वाक्यं लिही, पण सावकाश.

सावकाश लिहिताना उज्ज्वलाचं काही चुकत नसे. तिनं लिहिलं. ‘शी हॅज बीन गिव्हन द इंजेक्शन’, म्हणजे इंजेक्शन देऊन झालंय. खाली ‘शी मस्न्ट ड्रिंक वॉटर’, म्हणजे पाणी अजिबात प्यायचं नाही.

बाईंनी बोट ओलं केलं. वरच्या ओळीतलं ‘हॅज बीन’ पुसलं. खालचं ‘मस्न्ट’ पुसलं.

“आता तू दुपारपाळीची नर्स. सकाळची घरी गेली. वाच, आणि वॉर्ड सांभाळ.”

उज्ज्वलानं वाचलं.

शी… गिव्हन द इंजेक्शन. दिलंय? द्यायचंय? आणखी एक भरायचं का?

शी… ड्रिंक वॉटर.

ताजे टाके पडलेली बाई, कोरडे पडलेले ओठ, आणि आपणच तिच्या तोंडाला पेला लावतोय, असं तिला स्पष्ट दिसलं.

“बाई, ‘नको’ कुठं गेलं यातलं? तुम्ही तर ‘मस्ट’ पुसलंत.”

“नकाराचा ‘न्ट’ त्याच्याच पाठीवर बसलेला होता.”

“आणि ‘ड्रिंक’ला काहीच माहीत नाही,” उज्ज्वला हळूच म्हणाली. “पिणं एवढंच त्याला कळतं. कुणी प्यायचं, कधी, प्यायचं की नाही… ते सगळं हे दुसरेच सांगतात.”

बाई शेंगा फोडत होत्या.

उज्ज्वला खाली बसली. तिनं पाटी मांडीवर ओढली आणि पाटीभर ‘ड्रिंक’ लिहीत सुटली. प्रत्येकाच्या पुढे एकेक नवा शब्द. लिहिता लिहिता तिला माणसं दिसायला लागली. ‘मस्ट ड्रिंक’ म्हणजे जुलाबानं गळून गेलेला तो कुंभार, त्याला दर दहा मिनिटांनी पाजायलाच हवं होतं. ‘मे ड्रिंक’ म्हणजे डॉक्टरांनी आता घोटभर चालेल म्हटलेले आजोबा. ‘कॅन ड्रिंक’ म्हणजे लकवा गेल्यावर पहिल्यांदा स्वतः गिळू शकलेल्या काकू. अख्खा वॉर्ड हसला होता त्या दिवशी. ‘हॅड ड्रंक’ म्हणजे ऑपरेशनआधी चोरून चहा प्यायलेला तो पैलवान, ज्याला टेबलावरून उठवून परत पाठवावं लागलं होतं.

ती बोलत होती, हसत होती, पुसत होती, पुन्हा लिहीत होती. खडूचे दोन तुकडे झाले तरी तिचं लक्ष नव्हतं. सहा वर्षं हे शब्द माणसं होऊन आपल्याच वॉर्डात वावरत होते, आणि आपण नुसती त्यांची हजेरी घेत होतो, असं काहीसं ती म्हणाली. यादीतले किती शब्द झाले, हे तिनं मोजलंच नाही.

मग ‘वुडन्ट ड्रिंक’ लिहिलं आणि तिचा हात थांबला.

“ही चार नंबरच्या खाटेवरची,” ती म्हणाली. “बाळ गेलं होतं तिचं. पाणी मना नव्हतं, गिळताही येत होतं. पण पिईचना. दोन दिवस एक घोट नाही. मी ड्युटी संपल्यावर तिच्याजवळ बसून राहिले, बाई. काही बोलले नाही. नुसता पेला धरून बसले.”

दुसऱ्या दिवशी अकराच्या मुलाखतीत तिची निवड झाली. काय विचारलं होतं, ते ती पुढे विसरूनही गेली. पण आदल्या दुपारचं तिच्या लक्षात राहिलं: बाईंनी शेंगांची टोपली बाजूला ठेवली आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं,

“डिड शी ड्रिंक?”

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. विचार न करता, नियम न आठवता, ती म्हणाली,

“शी डिड.”

बाईंनी ओल्या हातानं सगळी पाटी पुसली.

“‘ड्रिंक’ म्हणालीसच नाही, बाळ… तरी प्यायली बघ ती.”