शेजारच्या दाराची कडी

डोंगराच्या उतारावर पिंपळकडा नावाचं एक गाव होतं. ही गोष्ट केव्हाची, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. पण गावाच्या डोक्यावर गवताळ माळ होता आणि पायथ्याशी रुंद वाळवंटाची नदी होती, एवढं मात्र सगळे सांगतात.

गावाच्या वरच्या अंगाला, अगदी शेवटच्या आळीत, येसू नावाची एक रंगारीण राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण हाताला रंग असा चढायचा की दूरदूरच्या गावांतून लग्नाचे शेले तिच्याकडं रंगायला यायचे. तिच्या भिंतीला भिंत लागून दाजीबा तांबटाचं घर. जन्मभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडा मारून मारून त्याचे कान पार गेले होते. कुणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच त्याला ऐकू जायचं.

या दोन घरांत बोलणं बंद होतं. झालं होतं असं की एकदा येसूच्या निळीचा डेरा फुटला आणि सगळं पाणी वाहत दाजीबाच्या गोठ्यात गेलं. त्याची पांढरीशुभ्र गाय चारही पायांनी निळी झाली. गाव पोट धरधरून हसलं. दाजीबाला काही हसू आलं नाही.

"मुद्दाम केलं हिनं!" तो म्हणाला.

"यांच्या ठोकाठोकीनंच माझा डेरा तडकला!" येसू म्हणाली.

गाईचे पाय पुढं धुऊन धुऊन पांढरे झाले, पण माणसांची मनं काही निवळली नाहीत. समोरासमोर आले की एक जण आभाळाकडं बघायचा आणि दुसरी जमिनीकडं.

एका वर्षी शिमगा झाला, पाडवा झाला, आणि ऊन असं तापलं की माळावरचं गवत हातात घेतलं तर चुरा व्हायचा. दाजीबाची बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तो एकटाच घरात. येसू नदीपल्याडच्या गावातल्या एका लग्नाचे शेले रंगवत होती. कुसुंबी रंग, सोन्यासारखे काठ. त्या दिवशी दुपारी शेवटचा शेला वाळला, तिनं सगळ्यांच्या घड्या घातल्या आणि आपल्याच कामाकडं बघत ती क्षणभर बसली.

तेवढ्यात चावडीवरचा ढोल वाजू लागला.

येसू अंगणात आली. माळाच्या टोकावर धुराची भिंत उभी होती. वणवा! कुणी लावला, कसा लागला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण वारा डोंगरावरून गावाकडं सुटला होता, आणि वाऱ्यावर बसून येणाऱ्या आगीला पाय लागत नाहीत.

येसूनं पटकन चूल विझवली, शेल्यांचं गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं आणि दार ओढून ती निघाली. दाजीबाच्या दारावरून जाताना आतून हातोड्याचा आवाज आला. टण्, टण्, टण्. तिचा पाय अडखळला.

'सांगितलं असेल कुणीतरी,' ती मनाशी म्हणाली. 'आवराआवर करत असेल. नाहीतरी मी सांगितलं तर तोंड फिरवूनच घेईल.'

आणि ती पुढं गेली.

खालच्या चौकातल्या पारावर गावची पाटलीण उभी होती. म्हातारी, पण आवाज असा की ढोलानं गप्प बसावं. माणसं घाबरून सैरावैरा होत होती. कुणी म्हणत होतं देवळात जाऊ, कुणी म्हणत होतं पलीकडच्या कड्यावर चढू.

"देवळाभोवती झाडी आहे, तिथं कुणी थांबायचं नाही," पाटलीण सांगत होती. "वर तर मुळीच चढायचं नाही. आग चढणीला माणसापेक्षा वेगानं पळते. सरळ नदीच्या वाळवंटात चला. वाळू काही पेटत नाही. गुरांची दावी सोडा, ती आपली आपण उतरतील. म्हाताऱ्यांना पाठीवर घ्या. आणि एकदा निघालात की कशासाठीही मागं फिरायचं नाही!"

तिच्या बोलण्यानं माणसांच्या जिवात जीव आला. ज्याच्या पाठीवर जागा होती त्यानं म्हातारं माणूस घेतलं, जिची कड मोकळी होती तिनं दुसरीचं पोर घेतलं. लोक उतरणीला लागले.

येसू त्यांच्यात मिसळली. पण कानांतला तो हातोडा काही थांबेना. शेवटी तिनं पुढं चाललेल्या बाईला विचारलं, "अगं, दाजीबा तांबटाला कुणी कळवलं का?"

"कळवलं असेल की," बाई म्हणाली. "खालच्या आळीतल्या पोरांनी."

येसूनं खालच्या आळीतल्यांना विचारलं. "आम्ही कशाला एवढं वर जाऊ? त्यांचा भाऊबंद आहे ना कुंभारआळीत."

तिनं त्या भाऊबंदालाही गाठलं. तो तिच्याकडं बघतच राहिला. "येसूवहिनी, तुझ्या भिंतीला त्याची भिंत. मला वाटलं, तू सांगितलं असशील."

आता येसूला उमगलं. अख्ख्या गावाला वाटत होतं की कुणीतरी सांगितलं असेल. आणि कुणीच सांगितलं नव्हतं. त्या बहिऱ्या माणसाला ढोल ऐकू जाणार नव्हता. धुराचा वास तर त्याच्या भट्टीला रोजचाच.

ती वळली आणि धावत पारापाशी आली. "पाटलीणबाई, दाजीबा वर राहिलाय. मी त्याच्या दारावरून आले, पण हाक मारली नाही."

पाटलिणीनं तिच्याकडं एकदा बघितलं. बोल लावायची ही वेळ नव्हती. तिनं मान वर करून माळाकडं नजर लावली. आग अजून वरच्या टप्प्यावर होती.

"वेळ आहे, पण फार नाही," ती म्हणाली. "एकटीनं जायचं नाही. हिराजी, तू हिच्याबरोबर जा. ते माळावरचं मोठं सावरीचं झाड दिसतं ना? सावरीनं पेट घेतला की परत फिरायचं. दाजीबा हाती लागो न लागो. ऐकलंस, येसू? एकाला आणायला जाऊन तिघांना घालवायचं नाही."

हिराजी हा गावचा औतकरी, नांगर धरणारा. उंचापुरा आणि बोलायला कमी. त्यानं नुसती मान डोलावली.

येसूनं गाठोडं पारावर उतरवलं. कित्येक महिन्यांची मेहनत त्यात होती. तिनं त्यातले तीन शेले उपसले आणि बाजूच्या दगडी डोणीतल्या पाण्यात सरळ बुडवले. कुसुंबी रंग पाण्यात उतरू लागला. तिनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. एक शेला हिराजीला दिला, एक स्वतःच्या नाकातोंडावर बांधला, तिसरा दाजीबासाठी खांद्यावर टाकला आणि दोघं वर निघाली.

आळीत धूर उतरू लागला होता. डोळे चुरचुरत होते. दाजीबाच्या दाराची कडी येसूनं खडाखडा वाजवली, मग दार लोटून ती आतच शिरली. हिराजी उंबऱ्याशी थांबला, डोळे सावरीवर ठेवून.

मागच्या पडवीत दाजीबा हातोडा चालवत बसला होता. समोर घडत आलेला हंडा, माणूस बसेल एवढा मोठा. तोंडाला ओलं फडकं बांधलेल्या येसूला दारात बघून त्यानं कपाळाला आठी घातली.

"ठोकू नको सांगायला आलीस? माझ्या घरात मी ठोकणार!"

येसूनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत अंगणात आणलं. दाजीबानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"देवा रे," तो पुटपुटला. "गाव कुठं आहे?"

येसू त्याच्या कानाशी ओरडली, "नदीवर! चला!"

दाजीबा वळला तो घरात. येसूला वाटलं गाय सोडायला गेला. बघते तर तो हंड्याला दोर बांधत होता. "एवढा घेतो. घडवत आणलाय मी. हा टाकून कसा येऊ?"

"वेळ नाही, दाजीबा!"

"दोघं मिळून उचलू. हिराजीला बोलाव!"

बाहेरून हिराजीची हाक आली, "वहिनी, ठिणग्या सावरीवर पडायला लागल्या!"

त्या माणसाला सोडून जायचं? आणि नाही गेलं तर तिघांचंही मरण. तिनं त्याच्या कानाला तोंड लावलं आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"अहो, हंडा पुन्हा ठोकून काढता येईल! तुम्हाला कोण ठोकून काढणार?"

दाजीबा थांबला. त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं होतं की आणखी कशाचं, देव जाणे. रंगानं लाल झालेले तिचे हात तिनं जोडले होते.

त्याच्या हातातला दोर गळून पडला.

"चल, येसू," तो म्हणाला.

गाईचं दावं त्यानं कापलं. ती शेपूट उंचावून खाली पळाली. येसूनं ओला शेला त्याच्या तोंडाला बांधला आणि तिघं अंगणाबाहेर पडली. त्याच वेळी माळावरच्या सावरीनं मशालीसारखा पेट घेतला.

उताराची नेहमीची वाट बांबूच्या बनातून जायची. वाऱ्यानं उडालेल्या ठिणग्यांनी बनाचा एक कोपरा पेटला होता आणि बांबू फटाफट फुटत होते. येसू थबकली.

"तिकडून नको," हिराजी म्हणाला. "माझ्या नांगरटीतून जाऊ. तिथं जळायला काही नाही."

वाट लांबची होती, ढेकळं पायांना बोचत होती. हिराजी पुढं, मधे दाजीबा, मागं येसू. धूर वर तरंगतो म्हणून तिघं वाकून चालत होती. दाजीबाला खोकल्याची उबळ आली, तो खाली बसला. येसूनं त्याच्या काखेत हात घातला. "बसायचं नाही, दाजीबा. आता आलीच नदी." त्याला ऐकू गेलं नसावं, पण तो उठला.

वाळवंटात पाटलीण एकेका घराला हाक मारत होती आणि घराघरातून 'ओ' येत होती. वरच्या आळीची दोन घरं तेवढी उरली होती. सगळ्यांचे डोळे वर लागले होते. मग कुणीतरी बोट दाखवलं. नांगरटीच्या कडेनं तीन लालभडक ठिपके खाली येत होते.

"येसू रंगारीण!" पाटलिणीनं हाक मारली.

"ओ!" लांबून आवाज आला.

"दाजीबा तांबट!"

येसूनं दाजीबाच्या पाठीत हलकेच बोट टोचलं. "ओ!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की रडणारी पोरंही हसली.

नदीपल्याडच्या गावानं धूर बघितला होता. कुणी बोलावणं धाडायची वाट बघितली नाही. गुडघाभर पाण्यातून बैलगाड्या घालून ते आले, गाड्यांत पाण्याचे माठ, ताक आणि भाकरी. म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना त्यांनी गाड्यांत बसवलं. त्या रात्री पिंपळकड्याचं एकही माणूस उघड्यावर झोपलं नाही.

ज्या घरी लग्न होतं, त्या घरची आई येसूला शोधत आली. येसूला तिच्याकडं बघवेना.

"शेले गेले हो," ती म्हणाली. "पारावरच राहिले. तीन उरलेत, त्यांचाही रंग उतरला."

ती बाई तिच्या शेजारी वाळूत बसली. "अगं, लग्नाला शेले लागतात हे खरं. पण आधी माणसं लागतात. तू ये म्हणजे झालं."

वणवा नदीपर्यंत आला आणि जळायला काही उरलं नाही म्हणून आपोआप निवला. वरची आळी पुरती जळली. खालची निम्मी वाचली. घरं गेली, धान्य गेलं, येसूचे डेरे फुटले, दाजीबाचा हंडा वितळून गोळा झाला. पण चुलीशी बसून रडावं असं एकाही घरात झालं नाही, कारण गावातलं एकही माणूस कमी झालं नव्हतं. पाऊस लागायच्या आत दोन्ही गावांनी मिळून भिंती उभ्या केल्या. ज्याचं छप्पर आधी झालं, त्यानं दुसऱ्याला आत घेतलं.

येसू आणि दाजीबा त्यानंतर भांडले नाहीत असं नाही. शेजारी होते, भांडणारच. पण बोलणं कधी बंद पडलं नाही.

आणि पाटलिणीनं गावाला एक नियम घालून दिला. ढोल वाजला की घर सोडायचं, पण आधी शेजारच्या दाराची कडी वाजवायची. आतून 'ओ' येईपर्यंत, किंवा घर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघेपर्यंत, पाऊल पुढं टाकायचं नाही. भाऊबंद असो, वैरी असो, कडी वाजलीच पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा माळावर धूर दिसला आणि ढोल वाजला. येसू डेऱ्यात कापड बुडवून बसली होती. ती उठते न उठते तोच तिच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. दारात दाजीबा उभा होता. त्याच्या दारावर आधी खालच्या घरातली सून येऊन गेली होती.

"ऐकू येत नाही का, येसू?" तो गरजला. "ढोल वाजतोय!"

येसूला हसूच फुटलं. हात पुसत ती म्हणाली, "ओ!" आणि दोघं उतरणीला लागली.

ती आग माळावरच विझली. पण वाळवंटात पाटलिणीनं हाका मारल्या, तेव्हा त्या दिवशी एकाही घराची वाट बघावी लागली नाही.

तात्पर्य एवढंच: संकटात 'कुणीतरी सांगितलं असेल' म्हणून पुढं जाऊ नये, वस्तू मागं टाकावी, वेळेवर निघावं, आणि निघताना शेजारच्या दाराची कडी आपल्याच हातानं वाजवावी.